पाचवीच्या दिवशी तू बाकावर होतास

मानवत, १७ डिसेंबर

अमृत,

वर 'चिरंजीव' लिहिलं होतं, ते खोडलं. खोडलेलं दिसतंय, दिसू दे. दुसरा कागद घेणार नाही.

फोनच करणार होतो. पण फोनवर मी तुला शिव्या दिल्या असत्या आणि तू फोन ठेवला असतास. कागदावर शिवी लिहायला हात धजत नाही. जन्मभर पोरांचं शुद्धलेखन तपासलेला हात आहे. शिवाय तू माझ्याशी बोलत नसलास तरी आलेलं पत्र न वाचता ठेवणारा नाहीस. लहानपणी मीठ बांधून आलेल्या कागदाची पुडीसुद्धा उलगडून वाचायचास.

तुझ्या हरिओमनं दवाखान्यात अर्ज दिलाय. 'नर्स बबिता यांनीच बाळाला पाचवीसाठी घरी नेण्यास सांगितले व त्यामुळे बाळाची प्रकृती बिघडली.' बबितानं मला ते वाक्य वाचून दाखवलं. तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही.  नर्स बबिता म्हणे. माझी पोरगी, चुलत बहीण आहे ती त्याची. त्याचं शेंबडं नाक तिनं आपल्या फ्रॉकला पुसलंय.

तू तिथं होतास. वॉर्डाच्या दारासमोरच्या बाकावर, मांडीवर शाल घेऊन. तेव्हा काय घडलं ते मी तुला सांगायचं कारण नाही. तरी सांगतो, कारण तू गावात 'माझं लक्ष नव्हतं' असं म्हणायलास, असं कानावर आलंय.

तुझ्या सुनेला, राजेश्रीला, आठव्याच महिन्यात कळा आल्या. बाळंतपण बबितानंच केलं. बाळ मुठीएवढं, म्हणून काचेच्या पेटीत ठेवलं. पाचवा दिवस उजाडला तशी तुझी केवळाबाई हटून बसली की पाचवी घरीच करायची, आपल्या आढ्याखाली. आज रात्री सटवाई येऊन कपाळावर लिहिणार, आणि लेकरू घरी नसलं तर ती लिहिणार कुणाच्या कपाळावर?

बबितानं पाचवीला नाही म्हटलेलं नाही, हे नीट ध्यानात घे. तिच्या वॉर्डात पाचवी होते. ऑक्सिजन असतो म्हणून दिवा लावू देत नाही, विळा ठेवू देत नाही. पण कोरा कागद आणि पेन बाळाच्या उशाशी ठेवायला तिची ना नसते. 'सटवाईला दिवा कशाला, हितं रातभर ट्यूब जळतीय की,' म्हणते, आणि बायका ओल्या टाक्यांनी पोट धरून हसतात. केवळाबाई हसली नाही. ती म्हणाली, "माणसं मरत्यात त्या जागी देवी येत न्हाई." मग हरिओमनं पेटी उघडली. बबिता आडवी झाली. त्यानं तिला ढकललं. ट्रॉलीच्या कडेवर तिचं मनगट आपटलं, ते अजून सुजलेलं आहे. भाकरी थापता येत नाही तिला.

आणि तेवढ्यात ती तुझ्याकडं वळून म्हणाली, "काका, तुमी तरी सांगा. भाईर लय गारठा हाय. लेकरू टिकायचं न्हाई."

तू उठलास. शाल केवळाबाईच्या हातात दिलीस, लेकरू गुंडाळून न्यायला. परत बसलास.

संक्रांतीनंतर दोन दिवसांनी, सोळा तारखेला, चौकशी आहे. तिथं तू यायचं आणि जे ऐकलंस तेवढंच सांगायचं. तुझ्यावाचून सांगणारं दुसरं कुणी नाही. कॅमेरा दिवाळीपासून बंद. वॉर्डातली मावशी तेव्हा दुसऱ्या बाळंतिणीजवळ आत. मोठ्या डॉक्टरांना बबितानं लगेच फोन केला होता, ते 'बघतो' म्हणाले होते. आता म्हणतात, मला कुणी कळवलंच नाही. तू बोलला नाहीस तर तिला घरी बसवतील, आणि पुन्हा कामावर घेतलंच तरी 'लेकराच्या जिवाशी खेळलेली' हा शेरा जन्मभर चिकटेल.

सोळा तारीख. सकाळची एसटी पकड.

सटवाजी


मानवत, २७ डिसेंबर

अमृत,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. तरी रोज पोस्टमनच्या सायकलीकडं बघतो, ही माझी जुनी खोड.

काल संध्याकाळी गच्चीवर बसलो होतो. तुरीच्या शेंगा भाजल्याचा वास आला आणि एकदम शाळा आठवली. एक पुस्तक, दोन वर्षं. आधी मी शिकायचो, मग त्याच पानांवर तू. पोखर्णीच्या नरसिंहाला पायी जाताना मी कविता म्हणायचो आणि तू शेवटचा शब्द धरायचास. पाखरांची एक कविता होती, तिची चाल तुला माझ्यापेक्षा चांगली यायची. गुरुजी म्हणायचे, थोरल्याला अर्थ येतो, धाकट्याला गळा आहे. आता चार ओळी लिहाव्यात म्हणून टेकलो, तर एक ओळ येईना. राग आला की कविता माझ्या घरातून उठून जाते. हे तुझ्यामुळं झालंय.

माझ्या मनात होतं की बबिता मराठीची प्राध्यापिका व्हावी. पांढरी साडी, हातात पुस्तक, वर्गात कुणी कुजबुजलं तर नुसतं थांबून बघणं. इतकं सगळं मी मनात रंगवलेलं. तिनं आपण होऊन नर्सिंगचा फॉर्म भरला आणि नंबर लागल्यावर सांगितलं. मी रुसलो होतो, ते तुला माहीत आहे. पण तू काय केलंस? तू माझ्या दारात उभा राहून, शेजारपाजार ऐकेल असं म्हणालास, "आपल्या घरची पोरगी परक्या बाप्यांचं हागणं-मुतणं काढणार. मी ह्या घरचं पाणी पिणार न्हाई." आणि खरंच नाही प्यायलास. इतकी वर्षं. माझ्या नर्मदाबाईच्या आजारपणात आलास तेव्हा पाण्याची बाटली घेऊन आलास. बाटली घेऊन, अमृत. ती बाटली रिकामी झाल्यावर बबितानंच भरून ठेवली होती आणि तुला ते कळलंही नाही.

काढलं तिनं हागणं-मुतणं. अजून काढते. त्यात काय मिळतं ते तुला एकदा ऐकवतोच.

दिवाळीच्या पहाटे आम्ही दोघं म्हातारे एकमेकांना उटणं लावतो, कारण ती ड्युटीवर. दारुडे तिच्यावर ओरडतात, पुढारी फोनवर ओरडतात, डॉक्टर चुकले की तेही तिच्यावरच ओरडतात. कोरोनात देशानं थाळ्या बडवल्या आणि त्याच आठवड्यात तिच्या तेव्हाच्या घरमालकानं तिचं सामान ओट्यावर काढलं. स्थळं आली. एकानं विचारलं, लग्नानंतर रात्रपाळी सोडणार का? ती म्हणाली, "तुमच्या घरात रातच्याला कुणी बाळंतच हुयाचं न्हाई का?" चहा अर्धा टाकून उठले ते लोक. नर्मदाबाई दोन दिवस रडली, आणि तिसऱ्या दिवशी तेच वाक्य शेजारणीला ऐकवून हसली. आता स्थळं येत नाहीत. पायांच्या शिरा वर आल्यात. रात्री पाय उशीवर ठेवून झोपते.

आणि तरीही, हे लिहिताना माझा राग जरा वेगळ्या वाटेनं चालायला लागतो. मागच्या उन्हाळ्यात जिंतूरच्या स्टँडवर मी तिच्यासोबत होतो. एक बाई गर्दीतून आली, कडेवर दोन वर्षांचं पोर. तिनं पोराचा चेहरा बबिताकडं वळवला आणि म्हणाली, "बघ रं, हिनंच तुला पहिल्यांदा रडवलं व्हतं." पोरगं जन्मल्यावर रडत नव्हतं म्हणे. बबितानं त्याचा गाल ओढला, एवढंच. पण बस हलल्यावर ती खिडकीबाहेर बघत कितीतरी वेळ हसत होती. मी चाळीस वर्षं कविता शिकवली, अमृत. मला स्टँडवर असं कुणी पोर दाखवलेलं नाही.

आता तुझ्या नातवाचं ऐक, कारण ह्यातलं निम्मं तुला घरात सांगितलं नसेल.

सकाळी लेकराला परत आणलं तेव्हा ते रडेना, दूध ओढेना, हातपाय गार. पेटीत तोवर दुसऱ्याचं बाळ आलेलं. राजेश्री तापानं फणफणलेली. मोटरसायकलवरून गारठ्यात नेली, आणली, वर रातभर पूजेला बसवली. दुसरं काय होणार होतं. बबितानं अॅम्ब्युलन्सला फोन लावला आणि हरिओमला म्हणाली, शर्ट काढ. तो बघतच राहिला. तिनं स्वतः बटणं सोडली, लेकरू त्याच्या उघड्या छातीवर पालथं ठेवलं, वरून घोंगडी गुंडाळली. "हालायचं न्हाई. आता तुझी छाती हीच पेटी हाय," म्हणाली. आदल्या दिवशी त्यानं ढकललेली ती, सुजल्या मनगटानं त्याच्या पाठीमागं गाठ बांधत होती. परभणीच्या वाटेनं लेकरानं अंग हलवलं तेव्हा तुझा पोरगा अॅम्ब्युलन्समध्ये मोठ्यानं रडला. हे मला ड्रायव्हरनं सांगितलं. बबिता ह्याबद्दल काही बोलत नाही. फक्त म्हणाली की हरिओमला तिनं इतका वेळ गप्प बसलेला जन्मात पाहिला नव्हता.

नातू जगला. परभणीत आठवडाभर राहून घरी आला, दूध पितोय, हे कळलंय मला. आणि त्याच हातानं, त्याच छातीच्या माणसानं, अर्ज लिहिला.

का, ते मला समजत नाही. तुला समजत असेल तर लिही.

सटवाजी


मानवत, ८ जानेवारी

अमृत,

आता समजलं.

केवळाबाईनं नर्मदाबाईला फोन केला. आधी तीळ कसे किलो झाले ते बोलली, मग रडली, मग मुद्द्यावर आली. हरिओमला कुणीतरी सांगितलं की सरकारी दवाखान्यात नर्सला हात लावला तर आत टाकतात, जामीनसुद्धा होत नाही. म्हणून ती काही करायच्या आत ह्यानंच अर्ज टाकून दिला. आणि आता तुमची सोय अशी की बबितानं चौकशीत म्हणायचं, 'नात्यातले होते, म्हणून मीच सोडलं, चूक झाली.' मग हरिओम अर्ज मागं घेईल. दोन्हीकडं मिटेल. घरचं घरात राहील.

हे तुझ्या डोक्यातून निघालंय. केवळाबाईच्या तोंडी 'दोन्हीकडं मिटेल' हे शब्द येत नाहीत. गावच्या भांडणात तू पंच म्हणून बसतोस तेव्हाचे तुझे शब्द आहेत ते. लोक माना डोलवतात आणि ज्याला लागलेलं असतं तो जखम घेऊन घरी जातो.

घरचं घरात म्हणे. कुठलं घर? ज्या घरचं पाणी पीत नाहीस, ते?

नर्मदाबाईनं फोन बबिताकडं दिला. बबिता कपडे वाळत घालत होती, तिनं फोन खांद्यानं कानाशी धरला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काकू, मी हरिओमवर केस केली असती तर तवाच केली असती. मला करायची न्हाई. पर मी सोडलं असं म्हणणार न्हाई. उद्या दुसरी आजी येईल, म्हणंल आमच्या येळला नात्यातल्याला सोडलं व्हतं. तिचं लेकरू परत याचं न्हाई." आणि चिमटे मागितले माझ्याकडं.

मी मात्र पेटलो. मी म्हणालो, कर केस. मी येतो पोलिसात. तिनं माझ्याकडं बघितलं ते अगदी तिच्या आजीसारखं, आपल्या आईसारखं. "बाबा, राजेश्रीला पुरतं दूध उतरायचं हाय अजून. नवरा आत गेला तर उतरंल व्हय?" म्हणाली. 

तुमच्या घरातलं आधीचं बाळ पाचवी व्हायच्या आत गेलं, हे मला माहीत आहे. राजेश्रीचं पहिलं. तेव्हा मला कुणी कळवलं नाही, मी आपण होऊन आलो नाही, ते असो. केवळाबाईच्या पोटात कोणती भीती आहे ते मला कळतं. आपल्या आईचीही मुलं गेली होती, म्हणून तर माझं नाव सटवाईच्या नावावरून ठेवलं. देवीला सांगून ठेवलं की हा तुझा, हा नेऊ नको. त्या भीतीवर मला रागवता येत नाही. बबितालाही येत नाही, म्हणून तर ती कागद आणि पेन ठेवू देते.

माझा राग तुझ्यावर आहे. केवळाबाई घाबरलेली होती. हरिओम बिथरलेला होता. तू दोन्ही नव्हतास. तू बसलेला होतास. तुला गारठा कळत होता; शाल आणलीस ती त्यासाठीच. तुला पोरीनं विचारलं, नाव घेऊन, काका म्हणून. जिला तू दारात हागणं-मुतणं म्हणालास, तिनं सगळ्यांना सोडून तुझ्याकडंच बघितलं, कारण तिला वाटलं की हा माणूस ऐकेल. ही माझी पोरगी इतकी शिकली, इतकं बघितलं, तरी माणसांबद्दल एवढी भोळी कशी राहिली, देव जाणे.

तिची स्वच्छ नोकरी आहे. तेवढीच आहे तिच्याकडं. बाकीचं तुम्ही लोकांनी एकेक करून काढून घेतलंत.

सोळा तारखेला ये किंवा येऊ नको. मी आता विनंती करत नाही. आलास तर खरं बोल, आणि नाही आलास तर मी मेल्यावरही येऊ नको. हे वाक्य मी विचार करून लिहितोय.

सटवाजी


मानवत, १८ जानेवारी

अमृत,

तू आलास.

मला आत घेतलं नाही, नातेवाईक म्हणून. मी बाहेर लिंबाखाली उभा होतो. खिडकी उघडी होती. तू सकाळच्या एसटीनं एकटा आलास, हरिओम मागून मोटरसायकलवर. तू त्याच्या शेजारी बसला नाहीस, ते मी पाहिलं.

त्यांनी तुला विचारलं, सिस्टरनी बाळ न्यायला सांगितलं का? तू आधी हरिओमकडं बघितलंस. मला वाटलं, गेलं. मग तुझा आवाज आला. आवाज म्हातारा झालाय तुझा, अमृत. "न्हाई सांगितलं. ती नकोच म्हणली. आडवी झाली. आमच्याच पोरानं ढकललं तिला. मला बी म्हणली व्हती, काका सांगा. म्या सांगितलं न्हाई."

कुणीतरी खुर्ची सरकवली. मोठे डॉक्टर म्हणाले, आजोबा, घरगुती वाद आत आणू नका. तू म्हणालास, "घरगुतीच हाय सायेब. म्हणून तर आलो."

अर्ज निकाली निघाला. बबिता निर्दोष. तरी 'वॉर्डात शिस्त राखण्यात कमी पडल्याबद्दल' तिला लेखी समज दिली, कारण कुणाला तरी काहीतरी द्यायचंच होतं. डॉक्टरांच्या त्या 'बघतो'बद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. तिची कुणी माफी मागितली नाही. मी आत जाऊन ओरडणार होतो. पण ती बाहेर आली, माझ्याकडं डबा दिला आणि म्हणाली, बाबा, तुम्ही जेवून घ्या, आत दोघी कळा देतायत. आणि गेली. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही तिनं. मी तो डबा हातात घेऊन उभा राहिलो. मराठीची प्राध्यापिका, पांढरी साडी वगैरे सगळं मला त्या वेळी फार पोरकट वाटलं.

हरिओम तुला तिथंच टाकून निघून गेला. तू फाटकाशी उभा राहून वाट बघत होतास, की तो वळून येईल. मी बघत होतो. मी तुझ्याजवळ आलो नाही. माझी रिक्षा तुझ्यासमोरून गेली तेव्हा मी तोंड फिरवलं. तुलाही ते दिसलं असेल. मी त्याचं काही करू शकत नाही. पाचवीच्या दिवशी एक वाक्य बोलला असतास तर ह्यातलं काहीच झालं नसतं. ते तू महिनाभरानं बोललास. बोललास, हे खरं. पण त्या महिन्यात माझी पोरगी रोज रात्री पाय उशीवर ठेवून छताकडं बघत पडायची. ते मला एका वाक्यात विसरता येणार नाही. तू म्हणशील दादा हट्टी आहे. आहे.

पत्र लिहायला बसलो नसतो. बबितानं बसवलं.

बुधवारी दीड महिन्याच्या लशी असतात. तिनं राजेश्रीला फोन केला होता. राजेश्री म्हणाली, हे यायला तयार नाहीत, ताईंना तोंड कसं दाखवू म्हणतात, आणि सासूबाई मला एकटीला धाडत नाहीत. बबितानं माझ्यासमोर कागद ठेवला. म्हणाली, काकांना लिहा, तुम्ही घेऊन या. मी म्हणालो, मी लिहिणार नाही. ती म्हणाली, मग माझ्या नावानं लिहा.

तेव्हा हे तिच्या नावानं. राजेश्रीला आणि लेकराला घेऊन बुधवारी ये. मोटरसायकल नको, एसटीनं ये. लवकर ये, नंतर रांग लागते. सकाळी अजून गारठा असतो, लेकराला उघड्या अंगाशी धरून आण, वरून घोंगडी. सुई टोचल्यावर रात्री ताप येईल, त्याला भ्यायचं नाही, गोळी ती देईल. वजन करायचंय. आणि तू उपाशी येऊ नकोस, तुला एसटीत मळमळतं, हे तिनं मुद्दाम लिहायला सांगितलं.

मी दवाखान्यात येणार नाही. मला अजून राग आहे.

ती असेल.

सटवाजी